वारानं की मीटरनं?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. 'शाळेच्या आवारात मराठीत बोलाल तर दहा रुपये दंड' अशा वातावरणात दहावीपर्यंत वाढलेली. त्यामुळे ह्या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका उरल्या असतील तर त्या माझ्या, आणि ज्या दिसत नाहीत त्या संपादकांनी दुरुस्त केलेल्या. इंग्रजी सेक्शनला लेख दिला असता तर सोपं गेलं असतं. पण मग तो आमच्या आबांना वाचता आला नसता, आणि ह्या लेखात आबा आहेत.

तर विषय आहे आपला स्विमिंग पूल. हसू नका. सबमिशनच्या दिवसात पूल कुणाला सुचतो, असं म्हणणाऱ्यांनी सरळ पान उलटून कवितांकडे जावं.

गेल्या वर्षी इंटरकॉलेजिएटच्या मुलींच्या टीमची यादी जिमखान्याच्या बोर्डावर लागली तेव्हा रिलेमध्ये एकच जागा शिल्लक होती आणि दावेदार दोघी होतो. मी आणि माझी रूममेट. माझी शंभरची वेळ १ मिनिट २४ सेकंद, आपल्याच पूलमध्ये घेतलेली. तिला ट्रायलच्या आठवड्यात सणकून ताप होता, म्हणून तिच्या गावच्या महापालिकेच्या ५० मीटर पूलमधली वेळ धरली. ती होती १ मिनिट ३४. कुणीतरी एक्सेलमध्ये कॉलम चढत्या क्रमानं लावला आणि माझं नाव वर गेलं. दहा सेकंदांचा फरक! पोहण्यात दहा सेकंद म्हणजे वाद घालायलाही जागा नाही. तिनंही घातला नाही. फक्त सकाळी सहाच्या मुलींच्या बॅचला यायची बंद झाली. 'झोप पूर्ण होत नाही गं' म्हणायची. मीही ते खरं मानलं, कारण तसं मानणं माझ्या सोयीचं होतं.

मग स्पर्धा आली. दुसऱ्या शहरात, ५० मीटरचा निळाशार पूल, आठ लेन, सगळं टीव्हीत दिसतं तसं. मी सूर मारला, मस्त लय पकडली, आणि पुढची भिंत काही येईना. अहो येईच ना! आपल्याकडे जिथं वळायची सवय तिथं नुसतं पाणी. परतीच्या वाटेवर तर हात उचलायला सांगावं लागत होतं. वेळ लागली १ मिनिट ३७. आम्ही पाचव्या आलो. बसमध्ये सगळ्यांनी 'होतं असं, टेन्शन असतं' म्हणून समजूत काढली. मी खिडकीतून बाहेर बघत एकच वजाबाकी करत बसले होते : सदतीस वजा चौतीस.

परत आल्यावर सर्व्हे लॅबमधून तीस मीटरची स्टील टेप घेतली (सिव्हिलची असण्याचा हा एकमेव फायदा) आणि एका रविवारी दुपारी, पूल बंद असताना, वॉचमन काकांना एक टोक धरायला लावून मोजलं. फाटकाच्या बोर्डावर ठळक लिहिलंय, 'लांबी २५ मी.' टेप म्हणाली २२.८५. दुसऱ्यांदा २२.८७. टेम्परेचर करेक्शन लावलं नाही हे मान्य, पण दहा डिग्रीला ते जेमतेम तीन मिलिमीटर भरेल, दोन मीटर नव्हे.

२२.८६ हा आकडा ओळखीचा वाटत होता. मग ट्यूब पेटली. पंचाहत्तर फूट. म्हणजे पंचवीस यार्ड. आपला पूल मीटरचा नाहीच, यार्डाचा आहे! ज्यानं बांधला त्यानं फुटात बांधला असणार, आणि पुढं कधीतरी बोर्ड रंगवणाऱ्यानं 'यार्ड'च्या जागी 'मी.' घातलं असणार.

आता आबा. आमचं गाव चौसाळा. बीडहून सोलापूरकडे निघालात की मांजरसुंब्याच्या पुढं हायवेला लागतं. आबांचं तिथं कापडाचं दुकान आहे. सुट्टीत गल्ल्याजवळ बसून मी जे शिकले त्यातली पहिली गोष्ट अशी, की यार्ड ह्या शब्दाला मराठीत चांगला जुना शब्द आहे : वार. आपण नऊवारी म्हणतो ती नऊ यार्डांची, सहावारी ती सहाची. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या डोक्याला हे कधी लागलंच नव्हतं. मला वाटायचं नऊवारी हे साडीच्या स्टाइलचं नाव. कायद्यानं वार गेला. १९५६ चा वजन-मापांचा कायदा आला, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-मीटर आले. आबांच्या हातात लोखंडी मीटर आला. पण गिऱ्हाइकाच्या तोंडातला वार काही गेला नाही. अजूनही एखादी आजी येते आणि अस्तराला 'चार वार द्या' म्हणते. आबा कात्रीला हात लावायच्या आधी विचारतात, "वारानं मागायलीस का मीटरनं?" कारण चार वार म्हणजे ३ मीटर ६६ सेंटिमीटर. ह्यात चूक झाली तर कुणाचं तरी वीतभर कापड जातं. भाव सांगतानाही तेच. नुसता आकडा आबा तोंडातून काढत नाहीत.

शेताचंही तसंच की. सातबारावर हेक्टर-आर, बोलण्यात एकर-गुंठा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे अकरा वार बाय अकरा वार. असे चाळीस झाले की एकर. बांधावर भांडणारा चौथी नापास माणूससुद्धा 'वीस' म्हटल्यावर विचारतो, वीस काय? गुंठे का आर? (विषयांतर होतंय. पण होऊ दे, गावचा विषय निघाला की माझं असंच होतं.) मग इंजिनीअरिंग कॉलेजच्या यादीत १:२४ आणि १:३४ ह्या दोन आकड्यांना एकाही माणसानं 'कशाचे?' असं विचारू नये, ह्याचं मला नवल वाटतं. त्या माणसांत मीही धरून आहे. युनिट लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क कापणारे आपणच ना?

आता गणिताकडे. इथं खरी गंमत आहे, आणि इथंच बहुतेक जण अडखळतात.

एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर, बरोबर तेवढंच, दशांशापुढं शेपूट नाही. म्हणजे शंभर यार्डाच्या वेळेला १.०९३६ नं गुणलं की शंभर मीटरची वेळ यायला हवी. माझे ८४ सेकंद गुणले तर ९१.९ येतात. रूममेटचे ९४. म्हणजे रूपांतर करूनही मीच पुढं! हे गणित मी त्या रात्री हॉस्टेलवर केलं आणि खरं सांगते, जरा हायसं वाटलं. पण मग पूलमध्ये ९७ का लागले?

कारण पोहणं म्हणजे सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगानं जाणारी गाडी नव्हे. भिंतीला पाय लावून ढकललं की पहिले काही मीटर माणूस फुकटात आणि सगळ्यात जोरात जातो. सुरुवातीच्या सुराचंही तेच. पंचवीस यार्ड आणि पंचवीस मीटर ह्या दोन्ही पूलमध्ये शंभरला वळणं तीनच. मग प्रत्येक लांबीमागे जे २ मीटर १४ सेंटिमीटर जास्तीचे आले, ते सगळे मधल्या भागात आले, जिथं हातापायांशिवाय काही मदत नाही. म्हणजे वाढलेलं अंतर सरासरी वेगानं कापलं जात नाही, त्यातल्या त्यात मंद वेगानं कापलं जातं. म्हणून अमेरिकेत, जिथं ही भानगड रोजची आहे, यार्डाची वेळ २५ मीटरच्या पूलसाठी सर्रास १.११ नं गुणतात. माझे ८४ झाले ९३.२.

आणि हे अजून २५ मीटरच्या पूलचंच झालं. ५० मीटरच्या पूलमध्ये शंभरला वळण एकच. म्हणजे दोन भिंती आणखी गेल्या. एका भिंतीमागे माझ्यासारखीचा सेकंदभर सहज वाचतो, तेव्हा तिथंच ९५ च्या पुढं गेले. उरलेले दीड-दोन सेकंद धापेचे, कारण आपल्या पूलमध्ये दर वीसेक सेकंदांनी भिंत मिळते आणि अंगाला त्याची सवय लागते. तर अर्धवट रूपांतर रूपांतर न करण्याइतकंच फसवं निघालं. ज्या गणितानं मी पुढं होते ते ९१.९, आणि पाण्यात लागले ९७.

आता कुणी हुशार म्हणेल, मग १.११ लावा आणि वर ५० मीटरसाठी दोन-तीन सेकंद टाका, झालं! नाही होत. कारण भिंतीचा फायदा माणसागणिक वेगळा. मी कॅम्पमध्ये शिकलेली, कोलांटी मारून वळते. माझी रूममेट विहिरीत शिकली. पाठीला डबा बांधून, वरून मामा ओरडतोय, खाली पाणी काळंभोर. विहिरीत वळण नसतंच, गोल फिरायचं असतं. ती भिंतीला हात लावते, मान वर काढते, श्वास घेते, मग निघते. तिला भिंत जास्त मिळाली तर कदाचित वेळ वाचणार नाही, वायाच जाईल. आपल्या छोट्या पूलमध्ये ती माझ्यापुढं असती की मागं, हे कुठलाच फॅक्टर सांगू शकत नाही. तो तक्ता हजारो पोहणाऱ्यांच्या सरासरीवरून केलेला असतो आणि रिलेमध्ये सरासरी उतरत नाही. (सीजीपीएतून पर्सेंटेज काढणाऱ्या फॉर्म्युल्याबद्दल मी इथं काही बोलत नाही. तो वेगळा लेख आहे, आणि मला अजून प्लेसमेंटला बसायचंय.)

जगानं ह्यात किती डोकं घातलंय ते वाचून मी थक्क झाले. अमेरिकन कॉलेजांच्या स्पर्धा आजही २५ यार्डाच्या पूलमध्ये होतात. तिथं ४०० मीटरऐवजी ५०० यार्ड असतात आणि १५०० मीटरऐवजी १६५० यार्ड. १६५० यार्ड म्हणजे १५०८.७६ मीटर, म्हणजे जवळजवळ तेवढंच; पण ५०० यार्ड भरतात ४५७.२ मीटर, त्यामुळं तिथली वेळ आपल्या ४०० शी लावताना गुणावं लागत नाही, उलट कमी करावं लागतं. ज्यांची भावंडं किंवा चुलतभाऊ तिकडं आहेत त्यांनी 'अमुकची मुलगी शंभर एका मिनिटात पोहते' असं ऐकलं की दिपून जाण्याआधी विचारावं, शंभर काय?

इंग्रजांच्या राज्यातून निघालेल्या देशांत तर ५५ यार्डाचे पूल होते. ५५ यार्ड म्हणजे ५०.२९ मीटर. ऑस्ट्रेलियाची डॉन फ्रेझर १९६२ मध्ये मेलबर्नला एका मिनिटाच्या आत पोहली, ५९.९ सेकंद, ते अंतर ११० यार्ड होतं, म्हणजे शंभर मीटरवर ५८ सेंटिमीटर जास्तच. राष्ट्रकुल स्पर्धांमध्ये यार्ड जाऊन मीटर आले ते १९७० साली एडिंबरोला.

आणि म्युनिक, १९७२. ४०० मीटर मेडलेमध्ये स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी. फरक दोन हजारांश सेकंदाचा! सोनं लार्सनला मिळालं. त्या वेगाला दोन हजारांश सेकंद म्हणजे तीन मिलिमीटरही नाहीत. (माझ्या टेपच्या टेम्परेचर करेक्शनएवढेच, बघा!) पुढं ठरलं की शंभरांशापर्यंतच मोजायचं आणि बरोबरी झाली तर दोघांना पदक द्यायचं, कारण दोन लेनच्या भिंती मिलिमीटरपर्यंत सारख्या बांधणं कुठल्याच सिव्हिल इंजिनीअरच्या हातात नाही. नियमात आजही आहे की पूल थोडासा लांब चालेल, पण एक मिलिमीटरही तोकडा चालणार नाही, आणि लांबीचा दाखला सर्व्हेअरनं द्यायचा. आपण दोन मीटर चौदा सेंटिमीटर तोकडे आहोत.

त्याच १९७२ साली, त्याच जर्मनीत, हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहले आणि सुवर्णपदक घेऊन आले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला सैनिक. आपल्यातले कितीतरी जण सिनेमा पाहून आल्यावर 'मी तर पन्नास पस्तीसमध्ये मारतो' म्हणत होते. कुठं मारता बाबा? आपल्या पूलमध्ये दोन लांब्या? त्या ४५ मीटर ७२ सेंटिमीटर होतात, शिवाय मधे भिंत.

हे फक्त टीममध्ये येणाऱ्यांपुरतं आहे असं समजू नका. जे फिटनेससाठी नेटवरून प्रोग्रॅम उतरवून घेतात त्यांची फसगत तर रोज होते. समजा कागदावर आहे : शंभर गुणिले दहा, दर १ मिनिट ५० सेकंदांनी निघायचं. आपल्या पूलमध्ये तुम्ही शंभर यार्ड १:३२ मध्ये आरामात पोहता आणि अठरा सेकंद दम खाता. हाच कागद घेऊन ५० मीटरच्या पूलमध्ये गेलात तर शंभराला लागतात १:४५ आणि दम खायला उरतात पाच सेकंद. म्हणजे कागद तोच, पण व्यायाम दुसराच झाला. चौथ्या-पाचव्या शंभरला माणूस लेनच्या दोरीला लटकतो आणि स्वतःलाच शिव्या देतो की स्टॅमिना गेला. स्टॅमिना गेलेला नसतो, पूल बदललेला असतो. उलट जाणाऱ्याला वाटतं आपण एका रात्रीत चॅम्पियन झालो. ह्यावर माझा साधा उपाय : रूपांतराच्या नादी लागू नका, ज्या पूलमध्ये सराव करायचा त्याच पूलमध्ये स्वतःला मोजा. एकदा ४०० आणि एकदा २०० पूर्ण जोर लावून पोहा, दोन्ही वेळांची वजाबाकी करा, ती निम्मी करा. ती तुमची शंभरची टिकणारी गती. माझे त्या मोठ्या पूलमध्ये ७:२० आणि ३:३० आले. फरक २३० सेकंद, निम्मे ११५, म्हणजे शंभरला १:५५. आपल्या पूलमध्ये वेगळा आकडा येतो, आणि तो वेगळा कागदावर लिहून ठेवायचा. फक्त लक्षात ठेवा की इथं सोळा लांब्या म्हणजे ४०० मीटर नाहीत, ३६५ मीटर ७६ सेंटिमीटर आहेत. आणि संध्याकाळच्या स्टाफ बॅचमधले जे सर रोज 'चाळीस लांब्या, एक किलोमीटर' सांगतात, त्यांची माफी मागून : सर, ९१४ मीटर. तरीही आमच्यापेक्षा जास्तच!

मी हे जिमखान्यात जाऊन सांगितलं तेव्हा मिळालेलं उत्तर असं होतं : "सगळ्यांना पूल सारखाच ना? मग फरक काय पडतो?" अगदी बरोबर. सगळे ह्याच पूलमध्ये पोहत असतील तर बोर्डावर शंभर मीटर लिहा नाहीतर शंभर कोस लिहा, पहिला तो पहिलाच. फरक पडतो बाहेरचा आकडा आत आला की. आणि बाहेरचा आकडा कुणाचा येतो? जी आजारी पडली तिचा. जो डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आला त्याचा. आधीच जो थोडा बाजूला आहे त्याच्याच गळ्यात हे नऊ टक्के पडतात. 'एवढ्याशा गोष्टीसाठी किती तो लेख' असं म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे.

आणखी एक, जरा नाजूक. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पहिल्या वर्षी हा पूल बघून मला आधी लाज वाटली होती, पोहावंसं नंतर वाटलं. म्हणून मोजलंच आहे तर तेही सांगते. दहा मीटर रुंदी आणि सरासरी दीड मीटर खोली धरली तर बोर्डाच्या हिशेबानं पाणी ३ लाख ७५ हजार लिटर, खरं ३ लाख ४३ हजार. बत्तीस हजार लिटरचा फरक, म्हणजे बारा हजारी टँकर धरले तर पावणेतीन. आणि क्लोरीनचं प्रमाण बोर्डाच्या आकड्यावरून काढत असतील, तर तेही जास्तच पडत असणार.

माझं मागणं मोठं नाही. पूल पाडून लांब करा असं मी म्हणत नाही. फाटकावरचा बोर्ड रंगवा, '२५ यार्ड (२२.८६ मी.)' असा. निवडीच्या यादीत वेळेशेजारी एक कॉलम वाढवा, 'कुठल्या पूलमध्ये'. आणि दोन वेगवेगळ्या पूलमधल्या वेळा समोरासमोर आल्या तर तक्ते शोधत बसू नका. दोघींना एकाच सकाळी एकाच पाण्यात उतरवा. दोन मिनिटांचं काम आहे. ताप उतरायला चार दिवस थांबावं लागेल, थांबा.

रूममेटला हे सगळं सांगायला मला दोन महिने लागले. आधी टेपचे आकडे सांगितले, मग ९७ चा. तिनं ऐकून घेतलं, पाठ करत असलेलं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, बसमध्येच कळलं होतं. त्यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला मात्र माझ्या पांघरुणावर टॉवेल येऊन पडला.

ह्या वर्षीच्या ट्रायलला आम्ही दोघी आहोत. टेप अजून माझ्याकडे आहे, लॅबच्या काकांनी शुक्रवारपर्यंत मागितली आहे. ज्यांना माझ्या २२.८६ वर विश्वास नाही त्यांनी त्याआधी दुपारी पूलवर यावं. एक टोक धरायला माणूस लागतोच.